उलटे आटे, सुलटे आटे: बॉटम ब्रॅकेटची गोष्ट

दोन वर्षांपूर्वी मी एक जुनी स्टीलची फ्रेम घेतली. पायडल मारताना कुरकुर यायची, म्हणून नवा बॉटम ब्रॅकेट मागवला आणि जुना खोलायला बसलो. म्हणजे ज्यावर क्रँक फिरतात, तो बेअरिंगचा भाग. उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, हे वाचलं होतं. म्हणून घड्याळाच्या दिशेने जोर लावला. लावतच राहिलो. कप काही हलेना. शेवटी सायकलवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी आधी पानाच उचलला नाही, माप घेतलं. “70 मिलिमीटर. इटालियन आहे. तू सोडवत नव्हतास, आवळत होतास.”

मग मी इतिहास खणायला लागलो.

बर्मिंगहॅममध्ये 1861 साली बंदुका बनवणाऱ्यांनी एक कंपनी काढली: बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, म्हणजेच बीएसए. पुढे ती सायकली आणि सायकलचे सुटे भागही बनवू लागली. आजही ब्रिटिश मापाला बीएसए म्हणतात ते त्यामुळेच. व्यास 1.37 इंच, इंचाला 24 आटे, नळी 68 मिलिमीटर रुंद, आणि उजवीकडे उलटे आटे. कारण पायडल मारताना उजवा कप हळूहळू सुटायला बघतो. आटे उलटे असले की तोच जोर त्याला आवळतो.

इटालियनांनी व्यास घेतला 36 मिलिमीटर, पण आटे इंचाला 24! आणि दोन्ही बाजूंना सुलटे. म्हणून त्यांचा उजवा कप नीट आवळला नाही तर सैल होतो. फ्रेंचांचा व्यास 35 मिलिमीटर, तेही दोन्हीकडे सुलटे. स्विस लोकांनी फ्रेंच माप घेतलं, पण उजवी बाजू उलटी केली. आता गंमत बघा, 1.37 इंच म्हणजे 34.8 मिलिमीटर. फ्रेंच आणि ब्रिटिश यांच्यात फरक फक्त 0.2 मिलिमीटरचा. डोळ्यांना कळत नाही, आणि जबरदस्ती केली तर फ्रेमचे आटे जातात.

2000 साली कॅननडेलने बीबी30 आणलं. आटेच काढून टाकले, बेअरिंग थेट नळीत दाबून बसवलं. मग 41, 42, 46 अशी मापं वाढत गेली, आणि कुरकुरीच्या तक्रारीही. 2015 मध्ये क्रिस किंग आणि आर्गोनॉट यांनी टी47 आणलं. म्हणजे काय, तर पुन्हा आटे!

आम्ही सॉफ्टवेअरवाले लेगसी कोडला शिव्या घालतो. पण तो वाचल्याशिवाय हात लावला की मोडतो, फ्रेमचंही तसंच. तेव्हा लक्षात ठेवा: कप फ्रेमप्रमाणे, एक्सल क्रँकप्रमाणे. आधी कॅलिपरने नळीची रुंदी आणि आतला व्यास मोजा, जुन्या कपावर कोरलेलं वाचा, मगच ऑर्डर द्या.

माझा तो बीएसए ब्रॅकेट अजून खोक्यातच आहे. भेटूया पुढच्या भागात!