जुनी मोटार विकली, तरी जबाबदारी सुटते का?

जुन्या मोटारीचा सौदा ठरला, पैसे हाती आले, किल्ली दिली, की व्यवहार संपला अशी बहुतेकांची समजूत असते. कायद्याच्या दृष्टीने मात्र परिवहन कार्यालयाच्या नोंदीत ज्याचे नाव, तोच वाहनाचा मालक. सर्वोच्च न्यायालयाने ‘नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार’ या प्रकरणात ६ फेब्रुवारी २०१८ रोजी हेच स्पष्ट केले. त्या प्रकरणातील मोटार २००९ मधील अपघातापूर्वी अनेकांच्या हातून गेली होती. पण नोंदणी मूळ मालकाच्याच नावे राहिली होती. नुकसानभरपाईची जबाबदारी त्या मूळ मालकावरच आली.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० नुसार वाहन राज्यातच विकले असल्यास विक्रेत्याने १४ दिवसांत हस्तांतराची सूचना द्यावयाची असते. खरेदीदारासाठी ही मुदत ३० दिवसांची आहे. परराज्यातील नोंदणीच्या वाहनासाठी विक्रेत्यास ४५ दिवस मिळतात. त्यासोबत नमुना २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्रही लागते. सूचनेसाठी नमुना २९, तर नाव बदलण्याच्या अर्जासाठी नमुना ३० वापरला जातो. या अर्जांवर कोऱ्या सह्या करून ते खरेदीदाराच्या किंवा दलालाच्या हवाली करणे, ही सर्वांत मोठी चूक होय. अशी मोटार कागदपत्रांत बदल न होताच तिसऱ्या-चौथ्या व्यक्तीकडे जाते आणि दंडाच्या पावत्या, पोलीस चौकशी मूळ मालकाच्या दारी येते.

मोटारीवर कर्ज असल्यास ते फेडूनही नोंदणी पुस्तिकेतील बँकेचा बोजा आपोआप उतरत नाही. बँकेचे ना-हरकत पत्र व नमुना ३५ सादर करून तो आधीच उतरवून घ्यावा.

विम्याबाबतही गैरसमज आढळतात. त्रयस्थ व्यक्तीच्या हानीचे संरक्षण मोटारीबरोबर नव्या मालकाकडे जाते. मात्र त्याने १४ दिवसांत विमा कंपनीकडे नाव बदलण्याचा अर्ज करणे आवश्यक असते. ‘नो क्लेम बोनस’ हा मोटारीचा नसून मालकाचा असतो. त्याचे प्रमाणपत्र विक्रेत्याने मागून घ्यावे. नव्या मोटारीच्या विम्यात त्याचा लाभ घेता येतो.

पैशांच्या बाबतीत संकोच नको. एका व्यवहारात २ लाख रुपये वा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे आणि स्वीकारलेल्या रकमेइतका दंड होऊ शकतो. रक्कम खात्यात जमा झाल्याची खात्री बँकेकडूनच करावी. मोबाइलवर दाखवलेल्या संदेशावर विसंबू नये. अनोळखी ग्राहकास मोटार चालवून पाहावयास देताना त्याचा परवाना तपासावा व स्वतः सोबत बसावे.

ताबा देताना दिनांक, वेळ, किलोमीटरचा आकडा, चासी व इंजिन क्रमांक लिहिलेल्या पावतीवर दोघांच्या सह्या घ्याव्यात. खरेदीदाराच्या ओळखपत्राची प्रत जवळ ठेवावी. थकीत ई-चलन भरावे, फास्टॅग बंद करावा. विक्री नोंदणीकृत विक्रेत्यामार्फत असल्यास, १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार ताबा दिल्याची सूचना ऑनलाइन नोंदवावी.

ताब्याची पावती पुरावा म्हणून उपयोगी पडते. पण ती नोंदणीतील बदलाची जागा घेऊ शकत नाही. म्हणूनच नव्या मालकाचे नाव नोंदीत दिसेपर्यंत आपला व्यवहार पूर्ण झाला, असे मानू नये.