इटालियन क्रियापद : अक्षरे आणि अवयव

शब्दाची अक्षरे पाडणे हे प्राथमिक वर्गाचे काम, अशी आपली समजूत असते. परंतु एका दमात उच्चारला जाणारा खंड, म्हणजे अक्षर, आणि अर्थ वाहणारा अवयव, हे एकाच ठिकाणी तुटतातच असे नाही. या तफावतीत भाषेचा इतिहास कसा दडलेला असतो, हे इटालियन क्रियापदावरून उत्तम दिसून येते.

‘कांतारे’ म्हणजे गाणे. ‘कांतेरो’ म्हणजे मी गाईन. याची अक्षरे कान्-ते-रो अशी तीन. ‘कांत्’ हा धातू मात्र पहिल्या अक्षरात मावत नाही. त्याचा ‘त्’ दुसऱ्यात शिरतो. शिवाय आघात अखेरच्या ‘रो’वर पडतो. तो तेथे का यावा?

अभिजात लॅटिनमध्ये ‘तो गाईल’ याला ‘कांताबित’ आणि ‘तो गायला’ याला ‘कांतावित’ म्हणत. पुढे स्वरांमधील ‘ब’ आणि ‘व’ यांचे उच्चार एक झाले आणि दोन काळांतील भेद कानाला कळेना. भविष्यकाळ दुबळा होण्याचे हे एक कारण होय. त्याच्या जागी ‘कांतारे हाबेओ’ ही रचना रुळली. ‘हाबेओ’ म्हणजे ‘माझ्यापाशी आहे’. एकूण भाव आपल्या ‘मला गायचे आहे’सारखा. हे दोन शब्द एकजीव झाले, ‘हाबेओ’ झिजून ‘ओ’ उरला, पण त्याचा आघात टिकला. फ्रेडेगारच्या नावावर असलेल्या सातव्या शतकातील बखरीत सम्राट जस्टिनियनच्या तोंडी ‘दारास’, म्हणजे ‘तू देशील’, हे अशाच घडणीचे रूप आढळते.

‘कांतेरेब्बे’ (तो गाता, जर...) या संकेतार्थी रूपात तर ‘एब्बे’, म्हणजे ‘त्याच्यापाशी होते’, हे क्रियापद जसेच्या तसे दिसते. अक्षरे पाडताना मात्र द्वित्त ‘ब्ब’ दुभंगतो : कान्-ते-रेब्-बे.

सिएना नगरीच्या बोलीने ‘कांतारो’ असा जुना ‘आ’ राखला. फ्लॉरेन्सने त्याचा ‘ए’ केला. पिएत्रो बेंबोने 1525 मध्ये जुन्या फ्लॉरेन्टाइन ग्रंथभाषेचा पुरस्कार केला, 1612 मध्ये क्रुस्का अकादमीचा कोश निघाला आणि फ्लॉरेन्सचे वळण प्रमाण ठरले.

आपल्याही बोलण्यात ‘करतो आहे’चे ‘करतोय’ झालेच आहे. तेथे ‘आहे’चा केवळ ‘य’ उरला. आज आपण मुलांकडून जो प्रत्यय पाठ करवून घेतो, तो काल एक स्वतंत्र शब्द असू शकतो. कोष्टकाबरोबर ही गोष्टही सांगितली, तर व्याकरण केवळ पाठांतराचा विषय राहणार नाही.