एका गळ्याचे समूहगान

ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गेसबर्ग याने १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला गौहरजानचे गाणे मुद्रित केले आणि जपान, चीन करीत तो मे १९०३ मध्ये सिंगापुरात आला. त्या काळी गाणाऱ्याने कर्ण्यासमोर उभे राहून एका दमात गायचे आणि ते मेणाच्या तबकडीवर उमटायचे. चूक झाली की तबकडी बाद, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. समूहगान हवे असेल तर तेवढी माणसे कर्ण्यासमोर दाटीवाटीने उभी करावी लागत. जितके गळे तितकी माणसे, असा हा सरळ हिशेब होता. पुढे तो मोडला, आणि घराघरांत तो मोडण्यात आपल्या या छोट्या बेटाचा मोठा वाटा आहे. त्याची ही हकिगत.

एकाच कलावंताने स्वतःच्या साथीला स्वतःच उभे राहण्याचा गाजलेला आरंभीचा प्रयोग १९४१ चा. सिडनी बेशे या जाझ वादकाने न्यूयॉर्कमध्ये क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, पियानो, बास आणि ड्रम अशी वाद्ये एकामागून एक वाजवून एकच ध्वनिमुद्रिका तयार केली. आधीची तबकडी वाजवायची, तिच्याबरोबर नवे वाद्य वाजवायचे आणि दोन्ही मिळून नव्या तबकडीवर घ्यायचे, अशी ती रीत. १९४७ मध्ये पॅटी पेज या गायिकेने हीच युक्ती गळ्यासाठी वापरली आणि स्वतःच्याच गाण्याला स्वतःच साथ दिली. पुढे तर तिच्या चार आवाजांची ‘चौकडी’ तबकडीच्या लेबलावर झळकली. गिटारवादक लेस पॉलने आपल्या हॉलिवूडच्या घरातील गॅरेजमध्ये असेच थर रचले. १९५१ मध्ये त्याची पत्नी मेरी फोर्ड हिचा एकच आवाज थरावर थर चढून घराघरांतल्या रेडिओवर गायिकांच्या ताफ्यासारखा ऐकू येऊ लागला. यातली जोखीम मात्र मोठी होती. शेवटच्या थरात चूक झाली की आधीची सारी मेहनत वाया जाई.

आपल्याकडे हे तंत्र कानांवर पडले ते मुंबईच्या चित्रपटसंगीतातून, आणि दोन्ही ठळक उदाहरणे मंगेशकर भगिनींची आहेत. १९६७ च्या ‘बहारों के सपने’ मधील एका गाण्यात राहुल देव बर्मन यांनी लताबाईंच्या मुख्य आवाजावर त्यांचाच दुसरा आवाज चढवला. वीस वर्षांनी, १९८७ च्या ‘इजाज़त’ मध्ये याच संगीतकाराने आशाबाईंच्या दोन आवाजांना एकमेकांत मिसळू दिले. एक ओळ संपण्याआधीच दुसरी तिला येऊन भिडते आणि एकच स्त्री मनातल्या मनात स्वतःशी बोलते आहे असे वाटते. ‘साथ’ या शब्दाला इथे निराळाच अर्थ आला.

इथे एक प्रश्न पडतो. मुद्रित केलेल्या आवाजाचीच हुबेहूब प्रत काढून ती त्यावर ठेवली तर दोन माणसे का ऐकू येत नाहीत? उत्तर सोपे आहे. दोन तंतोतंत सारख्या लहरी एकमेकींवर बसल्या की फक्त आवाज वाढतो, सुमारे सहा डेसिबलने. माणूस एकच राहतो. पण तीच ओळ पुन्हा गायली तर शब्द किंचित मागे-पुढे पडतो, सूर केसभर वर-खाली होतो, श्वास निराळ्या जागी येतो. सेकंदाच्या काही शतांश भागांचा हा फरक कानाला ‘अनेकजण’ म्हणून जाणवतो. १९६६ मध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत केन टाउनसेंड या तंत्रज्ञाने हा फरक टेपयंत्राकडून करवून घेण्याची सोय केली, कारण तीच ओळ पुनःपुन्हा गाण्याचा बीटल्सना कंटाळा होता. यंत्राला मुद्दाम ‘चुकायला’ शिकवावे लागले, ही यातली गंमत.

आपल्या परंपरेला हे तत्त्व नवे नाही. पाश्चात्त्य वृंदात चार गट चार निराळ्या सुरावटी गातात. आपल्याकडे शाहिरामागचे झीलकरी किंवा भजनातले टाळकरी एकच चाल गातात. तरीही तो आवाज भरदार वाटतो, कारण प्रत्येकाचा गळा, वय आणि गाव निराळे असते. आपल्या समूहगानाची श्रीमंती या बारीक विसंवादात आहे.

आता घराकडे वळू. १९७९ मध्ये जपानच्या टीॲक कंपनीने साध्या कॅसेटवर चार पट्ट्या मुद्रित करणारे ‘पोर्टास्टुडिओ’ हे यंत्र आणले आणि थर रचणे स्टुडिओबाहेर आले. तीन पट्ट्यांवर गायचे, त्या चौथीवर एकत्र करायच्या आणि मोकळ्या झालेल्या तिन्हींवर पुन्हा गायचे. दर वेळी टेपची खरखर मात्र वाढत जाई.

त्यानंतरचे पाऊल सिंगापूरचे. १९८१ मध्ये सिम वाँग हू यांनी आपल्या शाळूसोबत्याबरोबर चायनाटाउनमधील पर्ल्स सेंटरमध्ये संगणक दुरुस्तीचे छोटे दुकान काढले. तीच ‘क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजी’. सिम यांना हार्मोनिका वाजवण्याचा नाद होता, आणि संगणकाने नुसते ‘बीप’ न करता गावे-बोलावे हा त्यांचा ध्यास होता. आधी काढलेला बोलका संगणक फारसा खपला नाही. १९८९ मध्ये आलेल्या ‘साउंड ब्लास्टर’ कार्डाने मात्र जग जिंकले. लोकांनी ते घेतले मुख्यतः खेळांसाठी, पण त्याला मायक्रोफोन जोडण्याची सोय होती. आरंभीच्या कार्डात आवाजाच्या केवळ २५६ पायऱ्या होत्या. १९९२ च्या सोळा बिटांच्या कार्डात त्या ६५,५३६ झाल्या, म्हणजे सीडीच्या तोडीच्या. त्याच वर्षी कंपनी अमेरिकेच्या नॅस्डॅक बाजारात नोंदली गेली. तिथे पोचलेली ती पहिली सिंगापुरी कंपनी. पुढे एकाच वेळी ऐकवणे आणि मुद्रित करणे साध्या कार्डांना जमू लागले आणि २००० मध्ये ‘ऑडॅसिटी’ सारखी फुकट प्रणाली आली. मग थरांना मर्यादा उरली नाही, खरखरही वाढेना. सिम २०२३ च्या जानेवारीत वारले. ज्या इमारतीत त्यांनी दुकान थाटले, तीही मेट्रोच्या नव्या मार्गासाठी पाडली गेली आहे.

या तंत्राची खरी कसोटी २०२० मध्ये लागली. त्या वर्षी १० मार्चला अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील एका गायकवृंदाच्या तालमीला ६१ जण जमले होते. त्यांपैकी ५३ जण आजारी पडले आणि दोघे दगावले. एकत्र गाणे हीच धोक्याची गोष्ट ठरली. सिंगापुरात ७ एप्रिल ते १ जून सारे घरात होते. २५ एप्रिलच्या संध्याकाळी लोकांनी खिडक्यांत उभे राहून डिक ली यांचे ‘होम’ हे गीत गायले. ऑगस्टमध्ये गणपती आले, तेव्हा घरी पाचच पाहुण्यांना मुभा होती. ज्याला भरगच्च आरती ऐकायची होती, त्याला संगणकापुढे बसून आपलाच आवाज आठ-दहा वेळा चढवता येत होता.

असा आवाज भरदार होतो, पण त्यात एक उणीव राहते. पहिला थर दहाव्याला साथ देतो, दहावा पहिल्याला काहीच देऊ शकत नाही. शेजारचा चढा लागला म्हणून आपण सूर सावरतो, कुणाचा श्वास संपला तर दुसरा ओळ उचलून धरतो. हे देणे-घेणे आधीच गाऊन ठेवलेल्या आवाजाशी होत नाही. एकाच गळ्यात आजीचा थरथरता सूर आणि नातवाचे बोबडे बोलही येणार नाहीत.

म्हणून या तंत्राचा परदेशातल्या आपल्यासारख्यांना मोठा उपयोग वेगळाच आहे. ज्याला चाली नीट येतात, त्याने घरी स्वतःच्या आवाजाचे थर रचावेत आणि ते मुलांना, नव्या कुटुंबांना सरावासाठी द्यावेत. कामाच्या वेळा, परीक्षा आणि प्रवास यांतून तालमीला एकत्र येणे कठीण, ही आपली नेहमीची तक्रार. त्यांनी आपापल्या घरी त्या आवाजात आपला आवाज मिसळून पाहावा. मग उत्सवाच्या दिवशी यंत्र बंद करावे आणि सगळ्यांनी मिळून गावे.