शिंगाचे पेन : कातारी, गवा आणि म्हैस (थ्रेड)

१/ वसई म्हटले की १७३९, चिमाजी अप्पा आणि किल्ला आठवतो. आज किल्ल्याकडे पाठ फिरवून पूर्वेला जाऊ. वालीव, सातिवली, गोखिवरे येथील गाळ्यांत दिवसभर लेथ फिरत असतात. तेथून महामार्गाला लागले की म्हशींचे तबेले. लेथ आणि शिंग यांना जोडणारी एक वस्तू आहे : शिंगापासून कातलेले पेन. हा तिचा इतिहास.

२/ प्रथम शब्द. मराठीत सूत कातता येते आणि लाकूडही कातता येते. फिरत्या वस्तूला हत्यार लावून तिला गोल आकार देणे म्हणजे कातणे, आणि ते करणारा तो कातारी. पाळण्याचे खूर, लाटणी, भोवरे ही त्याची कामे. लेथ हा शब्द येण्यापूर्वीच ही विद्या आपल्या भाषेत स्थिरावली होती.

३/ आता शिंग. ते केराटिनचे असते; आपली नखे व केसही त्याचेच. आत हाडाचा गाभा, वर शिंगाचे आवरण. म्हणून शिंग बव्हंशी पोकळ. भरीव असते ते केवळ टोकाकडे. पेनाला लागणारी कांडी त्या टोकातूनच निघते.

४/ येथे म्हशीची जात महत्त्वाची ठरते. तबेल्यांत दिसणाऱ्या मुऱ्हा म्हशीचे शिंग जिलबीसारखे वळलेले. त्यातून सरळ कांडी मिळणे कठीण. उलट सोलापूर-कोल्हापूरकडच्या पंढरपुरी म्हशीची शिंगे तलवारीसारखी लांब, खांद्याच्याही मागे जाणारी.

५/ कृती संयमाची आहे. शिंग नीट वाळू द्यायचे. वाक असेल तर तेल लावून मंद आचेवर मऊ करायचे, दाबून सरळ करायचे आणि दाबातच थंड होऊ द्यायचे. मग कांडी लेथवर चढते. छिद्र थांबत थांबत पाडावे लागते. घाई केली तर केस जळल्याचा वास येतो आणि शिंगाचे पदर सुटतात. शेवटी टोपणाचे आटे आणि पॉलिश.

६/ शिंगकाम कोकणाला नवे नाही. १८८० च्या रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटियरमध्ये विजयदुर्गच्या कारागिरांची नोंद आहे : गव्याच्या शिंगापासून शोभेच्या वस्तू घडवणारे. मराठी आरमाराच्या त्या बंदराची वसाहतकाळातील एक ओळख ही शिंगकामाची होती.

७/ त्याच शतकात पश्चिमेत शिंगाला पर्याय निघत होते. १८५१ मध्ये नेल्सन गुडइयर यांना अमेरिकेत कठीण रबराचे पेटंट मिळाले. रबर आणि भरपूर गंधक तापवून तयार होणारे हे एबोनाइट काळेभोर, चकाकी घेणारे आणि लेथवर सुरेख कातले जाणारे. पूर्वी शिंगाचे होणारे कंगवे त्याचे होऊ लागले. १८९७ मध्ये जर्मनीत दुधातील केसिनपासून गॅलॅलिथ निघाले. जर्मन भाषेत त्याला सरळ ‘कृत्रिम शिंग’ म्हणत.

८/ १८८४ मध्ये वॉटरमन यांनी फाउंटन पेनचे पेटंट घेतले आणि या पेनांनी एबोनाइटचाच देह धारण केला. कारण व्यावहारिक होते. शिंग ओलावा शोषते, फुगते, वाकते, त्याला कीडही लागते. एबोनाइट शाईला दाद देत नाही. म्हणूनच आजही शिंगाच्या पेनात शाईशी संबंध येणारा भाग बहुधा दुसऱ्या पदार्थाचा असतो.

९/ हे पेन स्वदेशीतही आले. राजमहेंद्रीचे रत्नम यांनी लेथवर कातलेले एबोनाइटचे पेन कुमारप्पांमार्फत गांधीजींना पोहोचले. जुलै १९३५ मध्ये गांधीजींनी वर्ध्याहून आभाराचे पत्र पाठवले. कातारीची विद्या राष्ट्रीय प्रश्नाचे उत्तर ठरली होती, पण कच्चा माल आता शिंग नव्हता.

१०/ मग १९७२. वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि रानगवा पुढे त्याच्या पहिल्या अनुसूचीत गेला. १९८६ च्या दुरुस्तीने अशा प्राण्यांच्या अवयवांचा व्यापार बंद केला. कायदा आवश्यकच होता. आज सह्याद्रीत गवा दिसतो, त्यात त्याचा वाटा आहे. पण गव्याच्या शिंगावर उभी असलेली कला त्याच क्षणी मालाविना राहिली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही लिहिल्या गेल्या पाहिजेत.

११/ उरली ती म्हैस. महाराष्ट्रात २०१५ च्या गोवंश हत्याबंदीत म्हशीचा समावेश नाही, त्यामुळे तिचे शिंग कारागिराला वैधपणे मिळू शकते. उत्तर प्रदेशातील संभल शहरात आजही शिंगकाम चालते. पेन घेताना एवढेच विचारा : शिंग कोणाचे? उत्तर ‘गवा’ किंवा ‘सांबर’ असेल तर दूर राहा. सांबराचे गळून पडलेले शिंगही विकता येत नाही.

१२/ आपण इतिहास लेखणीने लिहिलेल्या कागदांतून वाचतो. लेखणी कशाची होती, हे क्वचित विचारतो. तिच्या देहात वसाहतीचा व्यापार, रसायनशास्त्र, स्वदेशी आणि वनकायदा असे सारे थर असतात, शिंगाच्या पदरांसारखे. तुमच्या घरी शिंगाची जुनी फणी, डबी वा मूठ असेल तर ती कोठून आली, हे आजी-आजोबांना आजच विचारा आणि लिहून ठेवा. गॅझेटियरने कला नोंदवली, कारागिरांची नावे नाही. ती कदाचित तुमच्याच घरात असतील.