शेवटचं तुपोलेव

२००९ संपता संपता रशियाच्या एरोफ्लोतनं आपल्या ताफ्यातली तु-१५४ विमानं निवृत्त केली. गंमत म्हणजे, व्होल्गाकाठच्या समारा शहरातल्या ‘अवियाकोर’ कारखान्यात हेच विमान तेव्हाही ‘नवं’ तयार होत होतं.

नवं म्हणजे काय, तर आधीच उभे केलेले अर्धवट सांगाडे ऑर्डर आली की पुरे करायचे. याच कारखान्यानं महायुद्धात इल्यूशिन-२ लढाऊ विमानांची रांग लावली होती. पुढे तु-१५४ सुमारे हजार बनली. पण सोव्हिएत संघ मोडला, गिऱ्हाईक आटलं. शेपटाकडची तीन इंजिनं इंधन ढोसायची, कॉकपिटमध्ये वैमानिकांसोबत फ्लाइट इंजिनिअरही लागायचा. दोन इंजिनांच्या बोइंग-एअरबसपुढे हा हिशेब बसेना. खडबडीत धावपट्ट्यांवर मात्र हे विमान बिनधास्त उतरायचं, हा त्याचा खरा गुण.

शेवटचं तु-१५४ फेब्रुवारी २०१३मध्ये संरक्षण मंत्रालयाकडे गेलं. या विमानाचं पहिलं उड्डाण होतं १९६८चं! म्हणजे हा आराखडा बनवणाऱ्यांपैकी बरेच जण एव्हाना निवृत्त झालेले असणार. हिरे काढणाऱ्या अलरोसा कंपनीनं तर सैबेरियातल्या मीर्नीहून प्रवासी घेऊन ते ऑक्टोबर २०२०पर्यंत उडवलं.