घरी बांधलेली मोटार आणि तारांची भाषा

इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी स्वतःच्या कल्पनेने बांधलेली ‘मीरा’ ही छोटी मोटार आपल्या भागातल्या अनेकांनी निदान ऐकून तरी माहीत आहे. अशा घरी बांधलेल्या गाडीची गोष्ट निघाली की लोक इंजिनाविषयी विचारतात, पत्र्याविषयी विचारतात. तारांविषयी कोणी विचारत नाही. वास्तविक बांधणाऱ्याची खरी परीक्षा तिथेच होते. म्हणून मोटारीत वीज कशी आली आणि हौशी माणसांनी ती कशी हाताळली, हे थोडक्यात पाहू.

१८८६ साली कार्ल बेंझ यांनी पेटंट घेतलेल्या तीनचाकी गाडीत विजेचे काम एकच होते, ठिणगी पाडण्याचे. पुढे गाड्यांना दिवे आले तेही विजेचे नव्हते. कार्बाइडवर पाणी ठिबकून निघणारा गॅस त्यांत जळे. जत्रेतल्या दुकानांवर असे दिवे असत, ते जुन्या मंडळींना आठवतील. इंजिन चालू करायला पुढे उभे राहून हँडल मारायचे. ते उलटले की मनगट मोडायचे.

अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी आधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवली होती. गल्ला उघडायला क्षणभरच जोर लागतो. तेवढ्या वेळापुरती लहान मोटरही मोठा भार सोसते, हे त्यांनी तिथे हेरले. तोच विचार मोटारीला लावला आणि १९१२च्या कॅडिलॅकमध्ये ‘सेल्फ’ आला. बॅटरी, ती भरणारा डायनामो आणि विजेचे दिवेही त्याबरोबर आले. एकदा बॅटरीने गाडीत घर केल्यावर भोंगा, वायपर, सिग्नल, रेडिओ असे पाहुणे एकामागून एक तिच्या आश्रयाला आले.

घरी गाडी बांधण्याची हौस फोफावली ती दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात. कारण साधे होते. तयार गाडीवर परचेस टॅक्स होता, सुट्या भागांच्या संचावर नव्हता. जुनी ऑस्टिन सेव्हन स्वस्तात घ्यावी आणि तिच्या सांगाड्यावर आपली बॉडी चढवावी, असा प्रघात होता. कॉलिन चॅपमन यांनी १९४८ साली पहिली लोटस अशीच बांधली. १९५७ साली त्यांची ‘लोटस सेव्हन’ आली, ती तर घरी जोडण्याचा संच म्हणूनच गाजली. १९७३ साली व्हॅट आला आणि ही सवलत गेली. हौस मात्र गेली नाही.

या मंडळींपुढे पहिली अडचण हिशेबाची होती. ऑस्टिन सेव्हनची वीज सहा व्होल्टची. ३६ वॉटचे दोन दिवे लावले तर सहा व्होल्टवर १२ अँपिअर प्रवाह लागतो, बारा व्होल्टवर ६ अँपिअर. एकाच तारेतून प्रवाह दुप्पट गेला की तिच्यातली उष्णता चौपट होते. जुन्या बारीक तारेवर मोठे दिवे, वर धुक्यातला दिवा, वर आणखी काही, असे जोडत गेले की आवरण वितळायची वेळ येते. फ्यूज दिव्याइतकाच तारेच्या रक्षणासाठी असतो, हा धडा अनेकांना जळक्या वासाने शिकवला.

दुसरी अडचण अधिक फसवी होती. पत्र्याच्या गाडीत दिव्याकडे एकच तार जाते. परतीची वाट म्हणजे गाडीचे अंग. त्यालाच आपण ‘अर्थ’ म्हणतो. १९५०च्या दशकात फायबरग्लासच्या बॉड्या आल्या. त्या हलक्या, गंज न धरणाऱ्या, पण वीज न वाहणाऱ्या. जुन्या सवयीने एकच तार ओढली तर दिवा लागेना. परतीची तार दिली आणि तिची जोडणी ढिली राहिली, तर प्रवाह दुसऱ्याच दिव्यातून वाट काढी. ब्रेक दाबला की सिग्नलही मिणमिणे. दोष दिव्यात शोधावा आणि तो निघावा परतीच्या वाटेवर!

या गुंत्यातून वाट दाखवली ती रंगांनी. ब्रिटिश गाड्यांत तारांचे रंग ठरून गेले. बॅटरीकडून थेट येणारी तपकिरी, किल्ली फिरवल्यावर जागी होणारी पांढरी, तीच फ्यूजमधून पुढे गेली की हिरवी. हेडलाइटची निळी, मागच्या दिव्याची लाल, अर्थची काळी. हिरव्यावर लाल रेघ म्हणजे डावा सिग्नल, पांढरी रेघ म्हणजे उजवा. घरी गाडी बांधणाऱ्याने हे रंग पाळले तर दहा वर्षांनी परका माणूसही त्याचे काम वाचू शके. हाती लागेल त्या रंगाची तार वापरली, तर त्यालाच ते पुन्हा उमगत नसे.

मॉरिस ऑक्सफर्डवरून आपल्याकडे अँबॅसडर आली आणि तिच्याबरोबर ही भाषाही आली. २०१४ साली अँबॅसडरचे उत्पादन थांबले, तरी रंग जाणणारे हात उरले आहेत. आपल्या भागात ड्रायव्हर मराठी बोलतो, मिस्त्री कन्नड. बॉनेट उघडल्यावर मात्र दोघेही एकाच हिरव्या-लाल तारेवर बोट ठेवतात. घरी गाडी बांधणाऱ्याने आपल्या मागून येणाऱ्या अशाच एखाद्या अनोळखी मिस्त्रीचा विचार करून तारा ओढाव्यात. ‘सेल्फ’ कोणीही बसवील. आपले काम दुसऱ्याला वाचता येईल असे ठेवणे, ही खरी कारागिरी.