यकृत आणि किरण : रोजच्या मापाचा इतिहास

आम्ही डॉक्टर नव्हे. आमचे आयुष्य कारखान्याच्या फाटकाशी सभा घेण्यात गेले; वाचन झाले ते पाळी संपल्यावर, रात्री. तरीही या विषयावर चार शब्द सांगण्याचे धाडस करीत आहो, कारण आमच्या एका टर्नर सोबत्यास यकृताचा कर्करोग झाला आणि त्याच्यापायी आम्हांस हा इतिहास धुंडाळावा लागला.

१८९५ साली राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले आणि लवकरच ते गाठींवर सोडले जाऊ लागले. मेहरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्यांच्या स्मृतीतून १९४१ साली मुंबईस परळला टाटा रुग्णालय उभे राहिले. १९५१ साली कॅनडात कोबाल्टचे किरण रोग्यांस देण्यात आले. यकृत मात्र पुष्कळ वर्षे या उपचाराच्या कडेलाच राहिले. कारण दुहेरी होते. सबंध यकृतास सुमारे ३० ग्रेहून अधिक मात्रा सोसत नाही. गाठ मारावयास तर याहून बरीच अधिक लागते. शिवाय ते जागेवर राहत नाही. श्वासासरशी एक-दोन सेंटिमीटर खालीवर होते, आणि शेजारचे जठर व आतडी रोज नव्या जागी असतात. यंत्रावर जॉब आवळून बसविता येतो. यकृत कसे आवळणार?

१९७१ साली सीटी यंत्राने शरीराच्या आतले काप दाखविले. १९९० नंतर स्टॉकहोम येथे ब्लोमग्रेन व लॅक्स यांनी शरीरातील गाठींवर नेमके, मोठ्या मात्रेचे किरण देण्यास आरंभ केला. १९९७ साली अमेरिकेत डी यान व सहकाऱ्यांनी मांडले की, पहिल्या दिवसाच्या एकाच नकाशावर विसंबू नये. रोग्याची मापे घेत आखणी सुधारावी. २०१४ पासून एमआरआय व किरणयंत्र एकत्र असलेल्या यंत्रावर, रोगी मेजावर असतानाच त्या दिवसाची आखणी नव्याने होऊ लागली.

आम्ही हे सांगितले तेव्हा सोबती म्हणाला, "अण्णा, यात नवल काय? यंत्र सुरू करण्याआधी सेटिंग तपासावे, हे आम्ही शिकाऊ असतानाच शिकलो."

पण रोजच्या मापाला रोगी रोज हजर हवा. त्यासाठी पुण्याची माणसे मुंबईस जाऊन दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आसरा शोधतात. आमच्या सोबत्याने पहिल्या तीन खेपा खाडे करून गाठल्या. चौथ्या खेपेस ठेकेदाराने हजेरीपटावरून त्याचे नाव काढले. १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्यात ठेकेदारीचा कामगारही बसत असे आणि आजारपणाचा भत्ता घेणाऱ्यास कामावरून काढण्यास त्या कायद्याने मनाई केली होती. पण त्याचे नाव विम्यात भरलेच नव्हते! वर्गणी काढून आम्ही उरलेल्या खेपा पुऱ्या करविल्या.

श्रोतेहो, आपल्यापैकी कित्येकांच्या कारखान्यांत, दुकानांत ठेकेदाराची माणसे राबत असतील. उद्या सकाळी एवढेच विचारा, त्यांची नावे विम्यात आहेत काय? आजार येण्याआधी हे विचारले पाहिजे.